ग्रुपमध्ये बसायचं म्हणजे सगळ्यांसमोर सगळं सांगायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय चौतीस, बडोद्यात दांडिया बाजाराजवळ सासर. चार माणसांत बोलायची वेळ आली की छाती धडधडते, घसा कोरडा पडतो, हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की आदल्या दिवसापासून पोट बिघडतं. गोळ्या सुरू आहेत, थेरपिस्टबरोबर एकटीची आठ सेशन्स झाली, आणि आता त्यांनी ग्रुप थेरपी सुचवली आहे. दर गुरुवारी दीड तास, बारा आठवडे. तिथे नेमकं काय करतात, सगळ्यांसमोर सगळं सांगावं लागतं का, ओळखीचं कुणी निघालं तर काय करायचं, असं तुम्ही विचारता. आणि शेवटी एक ओळ लिहिता: "मला भिशीतसुद्धा बोलता येत नाही, तिथे काय बोलणार?"

मी बडोद्यातच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे आणि वीसेक वर्षं ग्रुप घेते आहे. तुमच्या तीन प्रश्नांमागे मला एक चौथा दिसतो. तुम्ही तो लिहिलेला नाही, पण माझ्याकडे येणारं जवळजवळ प्रत्येक माणूस कधी ना कधी तो विचारतं: माझ्यासाठी वेगळा वेळ द्यायचा कंटाळा आला म्हणून मला घोळक्यात ढकलताय का? आधी त्याचं उत्तर देते, कारण ही शंका मनात ठेवून माणूस गेलं की ते दाराजवळची खुर्ची धरून बसतं आणि दुसऱ्या आठवड्यात येत नाही.

तुमची भीती माणसांच्या घोळक्याची आहे. आठ सेशन्समध्ये तुम्हाला एका माणसाची सवय झाली. थेरपिस्टसमोर आता तुमची छाती धडधडत नसणार. म्हणजे तुमची भीती त्यांना तुमच्या तोंडून कळते, पण प्रत्यक्ष बघायला मिळत नाही. ग्रुपमध्ये ती तुमच्याबरोबर खोलीत येऊन बसते, आणि समोर असली म्हणजे तिच्यावर काम करता येतं. सामाजिक भीतीसाठी ग्रुपमधली सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं या दोन्हींवर काम करणारी थेरपी, ही अनेक दशकं तपासली गेलेली पद्धत आहे. नैराश्य, चिंता अशा बऱ्याच तक्रारींमध्ये ग्रुप आणि एकेकट्याची थेरपी यांची तुलना झाली आहे, आणि दोन्हींचा गुण साधारण सारखाच येतो. तेव्हा तुम्हाला खालच्या वर्गात बसवलेलं नाही.

आता एक खरं सांगून टाकते. ही पद्धत जन्मली ती टंचाईतूनच. १९०५ साली बॉस्टनमध्ये जोसेफ प्रॅट नावाच्या डॉक्टरांनी क्षयाच्या गरीब रुग्णांना आठवड्यातून एकदा एकत्र बोलवायला सुरुवात केली. सॅनिटोरियम त्यांना परवडणारं नव्हतं, म्हणून विश्रांती, मोकळी हवा, ताप रोज लिहून ठेवणं हे सगळ्यांना एकदमच शिकवावं, एवढाच हेतू. पण एकाचं वजन वाढलं की दुसऱ्यालाही हुरूप येतो, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या नॉर्थफील्डच्या लष्करी रुग्णालयात सैनिक खूप आणि डॉक्टर मोजके, तिथेही हीच वाट धरली गेली. सुरुवात सोयीसाठी झाली, टिकली मात्र गुणावर. फी एकट्याच्या सेशनपेक्षा बहुधा कमी असते, ती सोय अजूनही आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

"तिथे नेमकं काय करतात" याचं उत्तर ग्रुप कोणत्या जातीचा आहे यावर ठरतं. काही ग्रुप शिकवणारे असतात: आजार काय, औषध का, झोप कशी सांभाळायची. काहींमध्ये कौशल्यावर भर असतो, दर आठवड्याचा विषय ठरलेला, घरी करायचा अभ्यास असतो. काही ग्रुपमध्ये विषयच ठरलेला नसतो. माणसं बसतात, बोलतात, आणि त्यांच्यात आपसांत जे घडतं तोच विषय होतो. असे ग्रुप वर्षानुवर्षंही चालतात. व्यसनमुक्तीच्या 'एए'च्या, म्हणजे 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'च्या, बैठका याहून वेगळ्या. तिथे थेरपिस्ट नसतो, त्याच वाटेने गेलेली माणसंच एकमेकांना धरून असतात. कमाटीबागेतला सकाळचा हास्यक्लब, भजनी मंडळ, सत्संग यांनीही माणसाला बरं वाटतं, मी कुणालाही ते सोडायला सांगत नाही. पण तिथे तुम्ही तीन आठवडे गप्प बसलात तर "का गप्प आहात" हा कामाचा विषय होत नाही. बारा आठवडे आणि दीड तास म्हटल्यावर तुमचा ग्रुप कौशल्याचा, बहुधा सीबीटीचा असावा असा माझा अंदाज आहे. थेरपिस्टना सरळ विचारून घ्या. पुढचं मी तसं धरून लिहिते.

पहिला गुरुवार. खोलीत सात-आठ खुर्च्या गोल मांडलेल्या असतील, मध्ये टेबल नसेल. टेबल नसण्याचा लोकांना फार त्रास होतो, हात कुठे ठेवायचे कळत नाही. पर्स मांडीवर ठेवा, सगळेच ठेवतात. थेरपिस्ट बहुतेक दोन असतील. एक बोलण्याकडे लक्ष देतो, दुसरा न बोलणाऱ्यांकडे. आधी नियम सांगतील: इथलं इथेच राहील, फोन बंद, येता येणार नसेल तर कळवायचं, मध्येच ग्रुप सोडावासा वाटला तर गायब न होता एकदा येऊन सांगायचं. मग नाव. नुसतं नाव पुरतं, आडनावाची गरज नाही. बडोद्यातल्या मराठी माणसाला आडनाव कळलं की दोन मिनिटांत तो वाडा, चुलतसासरे आणि चुलतसासऱ्यांची बँक शोधून काढतो, म्हणून मी माझ्या ग्रुपमध्ये आडनावं घेऊच देत नाही.

नावाबरोबर काय सांगायचं ते तुम्ही ठरवायचं. "मी अमुक, मला लोकांत बोलायला त्रास होतो" एवढं पुरेसं आहे. सगळं सांगावं लागत नाही. उलट पहिल्याच दिवशी कुणी लग्नापासूनचं सगळं सांगायला लागलं तर मीच त्यांना हळूच थांबवते. कारण असं माणूस घरी जाऊन रात्रभर जागं राहतं, "उगाच बोलले" म्हणून स्वतःला कोसतं आणि पुढच्या आठवड्यात तोंड दाखवत नाही. बोललेलं मागे घेता येत नाही, पण न बोललेलं पुढच्या गुरुवारी बोलता येतं.

मग शांतता पसरेल. घड्याळात चाळीस सेकंद असतील, तुम्हाला दहा मिनिटं वाटतील. आपल्याकडे शांतता म्हणजे यजमानाची चूक, लगेच कुणीतरी "चहा घेणार का" म्हणतं. थेरपिस्ट तसं म्हणणार नाहीत. त्या तुमच्याकडे बघत असतील, नसतीलही. ती शांतता मोडायची जबाबदारी तुमची आहे असं तुम्हाला वाटेल. तसं वाटलं तर तेवढं मनात टिपून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

माझ्या एका ग्रुपमध्ये एक गृहस्थ सहा आठवडे मान खाली घालून बसले. इतरांनी सोडून दिलं होतं, मी दिलं नव्हतं, पण ओढूनही काढलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, त्या आठवड्याचं सेशन झालंच नाही. पुढच्या आठवड्यात सगळे तळमजल्यावरच्या पाण्याबद्दल, सोसायटीत दिसलेल्या मगरीबद्दल बोलत होते. मी म्हटलं बोलू दे, अजेंडा गेला खड्ड्यात. आणि हे गृहस्थ एकदम म्हणाले, आईला खांद्यावर घेऊन जिना चढताना मी एकटा नसतो तर बरं झालं असतं. बस, एवढंच. पण त्यानंतर ते दर आठवड्याला बोलले. गप्प बसणारा माणूस ऐकत असतो, आणि ऐकण्यानेही कामाचा बराच भाग होतो. (इथे सांगितलेली उदाहरणं दोन-तीन माणसांची मिळून, ओळख पुसून सांगितली आहेत. नाहीतर हा सगळा उपदेश मलाच लागू पडायचा.)

आता एक गोष्ट सांगते, जी पुस्तकांत सापडत नाही आणि आपल्या गावात मात्र रोज भेटते. नातं जोडायची आपली खोड. गुजराती माणूस सगळ्यांना बेन आणि भाई म्हणून मोकळा होतो. साठीचे गृहस्थ भाई आणि बाविशीचा पोरगाही भाई, त्यात एक सपाटी आहे. मराठी माणूस खोलीत शिरल्यावर पाच मिनिटांत काका, मावशी, वहिनी ठरवून टाकतो. एकदा 'काका' म्हटलं की त्यांचं चुकतंय असं म्हणायची सोय राहत नाही. एकदा 'वहिनी' म्हटलं की ती बाई सगळ्यांना पाणी द्यायला उठते, रडणाऱ्याच्या पाठीवरून हात फिरवते, आणि बारा आठवडे संपले तरी तिला काय झालं होतं हे कुणालाच कळत नाही. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत एका ज्येष्ठ गृहस्थांना चार आठवडे बोलू दिलं, प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास, निव्वळ मोठ्यांना मध्येच तोडू नये म्हणून. पाचव्या आठवड्यात ते आले आणि बाकीचे तिघं आले नाहीत. ती चूक त्या गृहस्थांची नव्हती, माझीच होती. आता मी पहिल्या दिवशीच सांगते, इथे नावापुढे बेन-भाई चालेल, काका-काकू नको. तुमच्या थेरपिस्टनी असा नियम केला नसेल तर तुम्ही स्वतःसाठी करा. तुम्हाला कुणी 'वहिनी' म्हटलं तर हसून नाव सांगा. हा साधा वाटणारा प्रकार तुमच्यासारख्या माणसासाठी निम्मा उपचार आहे.

पाण्याचं म्हटलं म्हणून सांगते. कुणी रडायला लागलं की आपण तिघंजण एकदम पाण्याच्या पेल्याकडे धावतो आणि "रडू नकोस" म्हणतो. त्यात माया असते, पण आपल्यालाच ते रडणं बघवत नाही हेही असतं. ग्रुपमध्ये रडू देतात. तुम्हाला ते पहिल्यांदा कोरडं वाटेल. सल्ल्यांचंही तसंच. कुणी त्रास सांगितला की "अश्वगंधा घ्या", "गुरुवार करा", "विपश्यनेला जाऊन या" असा पाऊस पडतो, आणि सांगणारा बिचारा "हो, करून बघते" म्हणत मिटून जातो. म्हणून मी सल्ल्याऐवजी विचारते, हे ऐकताना तुम्हाला काय झालं? तुमच्याकडेही कुणी असं विचारलं तर घाबरू नका. "मला पोटात कसंतरी झालं" हे उत्तर चालतं. आणि खाऊ आणू नका. एक बाई दर वेळी सगळ्यांसाठी लीलो चेवडो आणायच्या, आणि कुणाचं बोलणं जड व्हायला लागलं की बरोबर पुडी फोडायच्या.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचार नक्की आला असेल. बडोद्यातल्या बहुतेक ग्रुपमध्ये गुजराती, हिंदी आणि मध्येच मराठी अशी खिचडी असते. तुम्हाला गुजराती उत्तम येत असेल, तरी घाबरल्यावर ती पळून जाते. एका बाईंनी नोकरीतला सगळा त्रास झोकात गुजरातीत सांगितला. मग विषय आईच्या आजारपणावर आला आणि त्या अडखळल्या. दोनदा सुरुवात केली, जमेना. शेवटी मराठीत म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही." खोलीत मराठी समजणारे तिघंच होते, पण कुणीही अर्थ विचारला नाही. ज्या भाषेत शब्द येईल त्या भाषेत बोला. भाषांतराची काळजी थेरपिस्टची.

आता ओळखीचं. तुमच्या प्रश्नातला हा सगळ्यात खरा भाग आहे आणि इथे मी तुम्हाला गोड बोलून पाठवणार नाही. थेरपिस्टवर कायद्याचं बंधन आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला, आणि त्याच्या तेविसाव्या कलमाने उपचाराबद्दलच्या गुप्ततेचा हक्क तुम्हाला दिला आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल, कोर्टाचा आदेश असेल, असे मोजके अपवाद. पण तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसलेल्या माणसावर ते बंधन नाही. त्याने दिलेला असतो तो शब्द. ग्रुपमधली गुप्तता माणसांच्या शब्दावर चालते, हे माहीत असूनच आत पाऊल टाका.

माझ्या अनुभवात तो शब्द लोक आश्चर्य वाटावं इतका पाळतात. कारण सोपं आहे, प्रत्येकाचं काहीतरी दुसऱ्यांच्या हातात असतं. तुम्हाला तिथे बघणारा माणूस तिथे स्वतःही आलेला असतो. तरीही आम्ही आधी काळजी घेतो. ग्रुपमध्ये घेण्यापूर्वी प्रत्येकाला एकट्याने बोलवून घेतात, राहता कुठे, कामाला कुठे, हे विचारतात. यातही मी एकदा तोंडावर आपटले आहे. दोन बायका, दोघींचं सासर शहराच्या दोन टोकांना, कामं वेगळी. मी निर्धास्त. पहिल्या दिवशी एक जिन्यावरूनच परत फिरली, कारण आत बसलेली तिच्या माहेरच्या गल्लीतली होती. मी सासरचं सगळं विचारलं होतं, माहेरचं विचारायचं राहिलं. ती बाई परत आली नाही. तेव्हापासून मी माहेर, शाळा, कोणत्या मैदानावर गरब्याला जाता, सगळं विचारते. तुम्हाला कुणी विचारलं नाही तर तुम्ही आपणहून सांगा, की अमुक घरातलं, अमुक शाळेतलं कुणी असेल तर मला चालणार नाही. थेरपिस्ट तुम्हाला दुसऱ्यांची नावं सांगणार नाहीत, पण बॅच बदलून देऊ शकतात.

एवढं करूनही दारात ओळखीचा चेहरा दिसलाच, तर आत बसण्याआधी थेरपिस्टना बाजूला घेऊन सांगा. दोघांपैकी एकाला हलवता येतं, किंवा दोघांची तयारी असेल तर बाहेर भेटल्यावर कसं वागायचं हे तिथेच ठरवून घेता येतं. सुरसागर तलावाच्या कट्ट्यावर नवऱ्याबरोबर असताना ग्रुपमधलं कुणी समोर आलं तर? माझा नियम असा: समोरचा ओळख दाखवेल तर दाखवा, आपणहून नको. घरच्यांना काय सांगायचं हेही आधी ठरवा. "मी माझ्याबद्दल सांगेन, इतरांबद्दल विचारायचं नाही" हे वाक्य नवऱ्याला आणि सासूबाईंना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं की पुढची चौकशी टळते.

बाराव्या आठवड्यापर्यंत तुम्ही तिथे काय करत असाल, त्याची थोडी कल्पना देते. तुम्हाला भीती वाटते म्हणजे तुमच्या मनाने एक भाकीत केलेलं असतं: मी बोलले तर आवाज कापेल, सगळे बघतील, हसतील. सीबीटीत हे भाकीत कागदावर लिहायचं, भीतीला शून्य ते शंभर असा आकडा द्यायचा, मग ती गोष्ट करायची आणि काय झालं ते लिहायचं. करताना तुमचे छुपे आधार काढून घेतात. वाक्य मनात आधी तीनदा घोकणं, फोनमध्ये बघत राहणं, दाराजवळ बसणं, हातात कायम पाण्याची बाटली धरणं. हे आधार वाटतात, पण "बाटली होती म्हणून वाचले" असं मन म्हणतं आणि भीती आहे तिथेच राहते. ग्रुपमध्ये याचा फायदा असा, की तुम्ही विचारू शकता, "माझा आवाज किती कापत होता?" आणि सात माणसं तुम्हाला सांगतात. तुम्हाला ऐंशी वाटलेलं असतं, ते म्हणतात वीस. घरी आरशासमोर हे उत्तर मिळत नाही.

मग खोलीबाहेरचे अभ्यास. माझ्या ग्रुपमध्ये पहिला बहुतेक वेळा सेव उसळीचा असतो: गर्दीच्या वेळी जायचं आणि दुसऱ्यांदा रस्सा मागायचा, मोठ्याने. मग दुकानात घेतलेली वस्तू परत करायची. मग मीटिंगमध्ये मुद्दाम एक बावळट प्रश्न विचारायचा. नवरात्रात मी सेशन ठेवत नाही, बडोद्यात त्या नऊ रात्री कोण येणार? पण अभ्यास देते. सोसायटीच्या गरब्यात आतल्या गोलात एक पूर्ण फेरी, पाऊल चुकलं तरी बाहेर पडायचं नाही. एक जण दोन वर्षं कडेला उभं राहून सगळ्यांच्या चपला सांभाळत असे. त्याची ती फेरी झाली तेव्हा त्याने रात्री एक वाजता मला नुसता आकडा पाठवला, "९० → ३५". मी नियमाप्रमाणे रात्री उत्तर देत नाही, पण त्या रात्री दिलं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तुम्हाला सोडावंसं वाटेल. हे मी बहुतेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. पहिली उत्सुकता संपलेली असते, गुण दिसायला लागलेला नसतो, आणि ग्रुपमध्ये एक माणूस असा निघालेला असतो जो तुम्हाला मुळीच आवडत नाही. कदाचित तो तुमच्या जावेसारखा बोलत असेल. बाहेर अशा माणसासमोर तुम्ही काय करता? गप्प बसता, घरी येऊन धुमसता, पुढच्या वेळी जात नाही. तेच तुम्ही इथे करायला लागाल. त्या दिवशी गैरहजर राहायच्या ऐवजी जा आणि म्हणा, "तुम्ही मला मध्येच तोडलंत, मला ते लागलं." जिथे हे म्हटल्यावर भांडण होणार नाही अशी जागा तुम्हाला पूर्वी मिळाली नसेल. सेशननंतर डोकं दुखेल, थकवा येईल. गुरुवारी संध्याकाळी पाहुणे बोलावू नका.

पण सगळीच अस्वस्थता चांगली नसते. थेरपिस्टनी तुम्हाला बोलायला भाग पाडलं, कुणाची टिंगल झाली आणि ती थांबवली गेली नाही, तुमची औषधं बंद करायला सांगितलं, तर ते योग्य नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही. आणि काही काळ असे असतात की ग्रुप नकोच. जीव द्यावासा वाटण्याचे विचार जोरात असतील, भास होत असतील, दारू चालू असेल, किंवा घरात नुकताच मृत्यू झाला असेल, तर आधी एकट्याने उपचार. तुमच्या लिहिण्यात तसं काही दिसत नाही. तरी मधल्या एखाद्या रात्री फार जड गेलं तर टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

ऑनलाइन ग्रुप निवडावा का, असं तुमच्यासारख्या अनेकींना वाटतं. एकत्र कुटुंबात दार बंद करून दीड तास बसायची सोय असेल तर हरकत नाही. मी मात्र तुम्हाला प्रत्यक्षच जा म्हणेन. स्क्रीनवर कॅमेरा बंद करता येतो, आणि तुमचं मन ते बटण पहिल्या आठवड्यातच शोधून काढेल.

जाण्यापूर्वी थेरपिस्टना एवढं विचारून घ्या: ग्रुप बंद आहे की मध्येच नवीन माणसं येतात, एकूण किती जण, तुमची एकटीची सेशन्स सोबत चालू राहतील का, सुट्टी घेतली तर फी लागते का, आणि ओळखीचं कुणी निघालं तर त्या काय करतात. शेवटच्या प्रश्नाला त्यांच्याकडे तयार उत्तर असेल तर निम्मी काळजी सोडा.

आणि गुरुवारी तुमची पाळी आली, घसा कोरडा पडला, काहीच सुचलं नाही, तर तुम्ही मला लिहिलेली शेवटची ओळ तशीच म्हणा. "मला भिशीतसुद्धा बोलता येत नाही, इथे काय बोलणार?" गोलातली दोन-तीन डोकी हलतील. ती कुणाची आहेत ते बघायला विसरू नका.